तात्यांचं घर कुठे? तात्यांना विचारा

डोमेन विकत घेतलं की रजिस्ट्रारच्या पानावर कुठेतरी दोन रिकाम्या चौकटी दिसतात. एकीवर लिहिलेलं असतं ‘नेमसर्व्हर १’, दुसरीवर ‘नेमसर्व्हर २’. होस्टिंगवाल्यानं ईमेलमधून पाठवलेली दोन लांबलचक नावं आपण तिथे चिकटवतो, ‘सेव्ह’चं बटण दाबतो आणि विसरून जातो. बहुतेकांचं त्यामुळे काही अडत नाही. पण ज्यांनी स्वतःचा व्हीपीएस घेतलाय, ज्यांच्या सर्व्हरवर चार ओळखीच्यांच्याही साइट नांदू लागल्यात, त्यांच्या डोक्यात हा किडा कधी ना कधी वळवळतोच: त्या चौकटींत आपलंच नाव का असू नये?

असू शकतं. काम तासाभराचं आहे. त्या तासात माणूस नेमका एका ठिकाणी अडकतो. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र तो पुढची काही वर्षं फसलेला असतो आणि त्याला त्याचा थांगही नसतो. या प्रकरणाचा बराचसा भाग या दोन जागांवर जाणार आहे.

आधी नेमसर्व्हर म्हणजे काय ते नीट पाहू. नेमसर्व्हर म्हणजे साइट ठेवलेलं यंत्र नव्हे. तो फक्त पत्ता सांगतो. समजा, पाहुणा कोकणातल्या एखाद्या गावात एसटीतून उतरला. स्टँडवरच्या पानवाल्याला त्यानं घर विचारलं. पानवाला म्हणाला, “ते काय मला ठाऊक नाही. वरच्या वाडीत विचारा.” वाडीत कुणीतरी म्हणालं, “त्यांच्या भावकीचं सगळं तात्यांना माहीत. तात्यांना विचारा.” आणि तात्यांनी सांगितलं, “तिसरं घर, जांभ्याच्या पायऱ्या.” इंटरनेटवर नाव शोधण्याची रीत अगदी हीच आहे. पानवाला म्हणजे रूट सर्व्हर. वाडी म्हणजे .कॉम किंवा .इन सांभाळणारी यंत्रणा; .कॉमचं काम व्हेरिसाइन ही कंपनी पाहते, .इनची जबाबदारी निक्सी या संस्थेकडे आहे. आणि तात्या म्हणजे तुमच्या डोमेनचा नेमसर्व्हर. पानवाल्याला घर माहीत नसतं आणि ते माहीत असावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. पुढे कुणाला विचारायचं एवढं त्यानं सांगितलं की त्याचं काम संपलं.

ही रीत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी सगळ्या नेटवर्कचे पत्ते एकाच फाइलमध्ये असत. फाइलचं नाव होस्ट्स.टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्यांनी फाइलमध्ये ओळ घालायची, आणि बाकीच्यांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. म्हणजे अख्ख्या गावाचे पत्ते एकाच तलाठ्याच्या वहीत. यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे चाललं. मोकापेट्रिस यांनी वही मोठी केली नाही, तिची पानं सुटी करून ज्याची त्याच्या हाती दिली. तुमच्या डोमेनचं पान तुमच्याकडे, आणि ते कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी ‘बाइंड’ नावाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आज तुम्ही स्वतःचा नेमसर्व्हर उभा कराल तेव्हा बहुधा त्याच बाइंडचा आजचा अवतार वापराल. या क्षेत्रात चाळीस वर्षं टिकलेली वस्तू विरळाच.

आता उदाहरणासाठी एक नाव हवं. एक्झाम्पल.कॉम हे डोमेन १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, तेव्हा तेच घेऊ. आयपी पत्त्यांतही असे काही समूह राखीव आहेत: १९२.०.२ आणि १९८.५१.१०० ने सुरू होणारे पत्ते कुणालाच दिले जात नाहीत. पुस्तकात छापायला ते बरे. प्रत्यक्ष संगणकावर यातलं प्रत्येक अक्षर नि अंक रोमन लिपीत टंकायचा, हे सांगायला नकोच.

तर आपल्याला हवे आहेत एनएस१.एक्झाम्पल.कॉम आणि एनएस२.एक्झाम्पल.कॉम.

कशासाठी हवेत? ‘प्रोफेशनल दिसतं’ हे कारण मला फारसं पटत नाही. आंबे मागवणारा माणूस नेमसर्व्हर तपासत बसत नाही. खरं कारण वेगळं आहे. समजा तुमच्याकडे तीस जणांच्या साइट आहेत आणि तिसांनी आपापल्या चौकटींत तुमच्या होस्टिंग कंपनीच्या नेमसर्व्हरची नावं भरली आहेत. उद्या त्या कंपनीशी तुमचं बिनसलं आणि सामान दुसरीकडे हलवायचं ठरलं, तर तीस जणांना फोन करावा लागणार. त्यातल्या दहा जणांना रजिस्ट्रारचा पासवर्ड आठवणार नाही. पाच जणांचं डोमेन त्यांच्या भाच्यानं घेतलेलं असणार आणि भाचा आता दुबईत. हेच जर तिसांनी एनएस१.एक्झाम्पल.कॉम असं भरलेलं असेल, तर तुम्ही फक्त त्या एका नावाचा पत्ता बदलायचा. तीसही जणांना काही कळतसुद्धा नाही. स्वतःचा नेमसर्व्हर करण्याचं माझ्या मते हे एकच भक्कम कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

आता ती अडकण्याची जागा.

पाहुणा वाडीत पोचला. त्याला एक्झाम्पल.कॉमचं घर हवंय. वाडीतला माणूस म्हणतो, “तात्यांना विचारा.” पाहुणा विचारतो, “तात्यांचं घर कुठे?” आणि उत्तर येतं, “ते तात्यांनाच विचारा की!”

हा विनोद नाही. एक्झाम्पल.कॉमबद्दल काहीही विचारायचं तर एनएस१.एक्झाम्पल.कॉमला विचारावं लागतं. आणि एनएस१.एक्झाम्पल.कॉम हे नाव स्वतःच एक्झाम्पल.कॉमच्या आत आहे. म्हणजे त्याचा पत्ता सांगण्याचा अधिकारही त्यालाच. दुसऱ्या कंपनीचे नेमसर्व्हर वापरता तेव्हा ही अडचण येत नाही, कारण त्यांचं घर निराळ्या डोमेनमध्ये असतं आणि ते निराळ्या वाटेनं सापडतं. स्वतःच्याच डोमेनमध्ये तात्यांना बसवलं की पाहुणा गोल गोल फिरत राहतो.

मोकापेट्रिस यांच्या आराखड्यात यावर तोड आहे. तात्यांच्या घराचा पत्ता वाडीतल्या माणसाकडेच लिहून ठेवायचा. म्हणजे तो “तात्यांना विचारा” एवढंच म्हणून थांबत नाही, “आणि तात्या तिकडे, १९२.०.२.१० वर राहतात” हेही सांगतो. या चिठ्ठीला ग्लू रेकॉर्ड म्हणतात. ग्लू म्हणजे डिंक, आणि नाव चपखल आहे. वरची यंत्रणा आणि तुमचं डोमेन यांना जोडणारी ही एवढीच चिकटपट्टी.

नवखा माणूस अडकतो तो इथे. त्यानं सर्व्हरवर सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. मग रजिस्ट्रारच्या चौकटीत एनएस१.एक्झाम्पल.कॉम टाकतो तर ‘असा नेमसर्व्हर अस्तित्वात नाही’ अशी लाल ओळ येते. तो परत सर्व्हरवर जाऊन सगळं तपासतो, सगळं बरोबर असतं, पुन्हा लाल ओळ. चूक सर्व्हरवर नसतेच. ग्लू रेकॉर्ड सर्व्हरवर लिहायचा नसतो, तो रजिस्ट्रारमार्फत वरच्या यंत्रणेकडे नोंदवायचा असतो. त्यासाठी रजिस्ट्रारच्या पानावर वेगळी जागा असते, आणि ती प्रत्येकानं वेगळ्या नावानं वेगळ्या कोपऱ्यात दडवलेली असते. कुठे ‘चाइल्ड नेमसर्व्हर’, कुठे ‘प्रायव्हेट नेमसर्व्हर’, कुठे ‘होस्ट नेम’, कुठे ‘पर्सनल डीएनएस’. चारही एकच. तिथे नाव आणि आयपी पत्ता अशी जोडी नोंदवली की मग मूळ चौकटी ते नाव स्वीकारतात. सापडलं नाही तर रजिस्ट्रारच्या मदत कक्षाला सरळ लिहावं: ‘ग्लू रेकॉर्ड नोंदवायचे आहेत.’ हे शब्द वापरले की समोरचा माणूस सावध होतो.

सर्व्हरवरचं काम त्या मानानं सरळ. सीपॅनलसारखं पॅनल असेल तर त्याच्या मुख्य मांडणीच्या पानावर दोन नेमसर्व्हरची नावं द्यायची, त्यांना पत्ते जोडायचे, बाकी ते स्वतः लिहून काढतं. पॅनल नसेल तर बाइंड बसवायचं आणि झोन फाइल हातानं लिहायची. झोन फाइल म्हणजेच तुमच्या वाट्याला आलेलं ते वहीचं पान. तिच्यातल्या आपल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

एक्झाम्पल.कॉम. — एनएस — एनएस१.एक्झाम्पल.कॉम.
एक्झाम्पल.कॉम. — एनएस — एनएस२.एक्झाम्पल.कॉम.
एनएस१.एक्झाम्पल.कॉम. — ए — १९२.०.२.१०
एनएस२.एक्झाम्पल.कॉम. — ए — १९८.५१.१००.२०

पहिल्या दोन ओळी सांगतात की या डोमेनचे तात्या कोण. पुढच्या दोन सांगतात की ते राहतात कुठे. म्हणजे तात्यांचा पत्ता आता दोन जागी झाला: वाडीत ग्लू म्हणून आणि तात्यांच्या स्वतःच्या वहीत ‘ए’ रेकॉर्ड म्हणून. दोन्ही जागी तोच पत्ता हवा. हे वाक्य लक्षात असू द्या, माझी फजिती पुढे यावरूनच झाली.

प्रत्येक नावाच्या शेवटी टिंब आहे, ते छपाईची चूक समजू नका. झोन फाइलमध्ये टिंब म्हणजे ‘नाव इथे संपलं’. ते राहिलं तर सॉफ्टवेअर समजतं की नाव अर्धवट आहे, आणि प्रेमानं पुढे डोमेन जोडतं. मग एनएस१.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असा प्राणी जन्माला येतो. नवख्याची चूक म्हणून हसू नये. १२ ऑक्टोबर २००९ ला स्वीडनच्या .एसई या अख्ख्या देशाच्या यादीत हेच घडलं. यादी तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदल झाला आणि नावांच्या शेवटची टिंबं गळली. सुमारे नऊ लाख डोमेन एकदम दिसेनाशी झाली. चूक तासाभरात सुधारली, पण जगभरच्या यंत्रांनी ते चुकीचं उत्तर लक्षात ठेवलेलं होतं, त्यामुळे परिणाम रेंगाळला.

झोन फाइलच्या माथ्यावर एसओए नावाचा मजकूर असतो. त्यात तुमचा ईमेल लिहितात, पण ‘ॲट’च्या चिन्हाऐवजी टिंब देऊन, कारण त्या चिन्हाला या फाइलमध्ये दुसरंच काम आहे. आणि असतो अनुक्रमांक. तो बहुतेक जण तारखेवरून देतात: वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी दोन अंक. फाइलमध्ये काहीही बदललं की हा आकडा वाढवायचा. दुसरा नेमसर्व्हर तेवढाच आकडा पाहून ठरवतो की नवी प्रत आणायची का नाही. आकडा वाढवायला विसरलात तर तो ढिम्म हलत नाही आणि जुनीच उत्तरं देत बसतो. उलट घाईत २०२५ च्या जागी २०५२ टाकलंत तर पुढची सत्तावीस वर्षं त्याच्या लेखी त्याच्याकडचीच प्रत ताजी. यातून सुटायचा मार्ग आहे, पण तो शोधताना एक दुपार जाते.

कुणी विचारेल, डोमेन देवनागरीत असलं तर? २०१४ पासून .भारत मिळतं आणि त्याच्या देवनागरी लिपीत मराठीही धरलेली आहे. ते चालतं. पण आतल्या आत त्या नावाचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं रोमन रूप केलं जातं, आणि झोन फाइलमध्ये तेच रूप लिहावं लागतं. निदान नेमसर्व्हरचं नाव तरी साध्या रोमन डोमेनखाली ठेवावं, हा माझा सल्ला. रात्री दोन वाजता चूक शोधताना डोळ्यांना तेवढाच आराम.

मग फायरवॉल. नेमसर्व्हर पोर्ट ५३ वर ऐकतो. पुष्कळ जण यूडीपीचं ५३ उघडतात आणि टीसीपीचं विसरतात. छोटी उत्तरं यूडीपीवरून जातात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. उत्तर मोठं झालं, किंवा दुसऱ्या नेमसर्व्हरला अख्खी फाइल न्यायची झाली, की टीसीपी लागतं, आणि तिथे दार बंद. दोन्ही उघडा.

एक खूणगाठ मात्र पक्की बांधा: आपल्या तात्यांनी आपल्याच भावकीचे पत्ते सांगायचे. कुणीही येऊन जगातलं कुठलंही नाव विचारावं आणि त्यांनी गावभर फिरून ते शोधून आणावं, ही सोय बंद ठेवायची. बाइंडमध्ये तिला रिकर्शन म्हणतात. ती उघडी राहिली तर हल्लेखोर तुमच्या सर्व्हरला छोटा प्रश्न विचारतात आणि परतीचा पत्ता म्हणून भलत्याच कुणाचा तरी पत्ता देतात. प्रश्नाच्या कितीतरी पट मोठं उत्तर मग त्या बिचाऱ्यावर जाऊन आदळतं. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवर झालेला हल्ला याच प्रकारचा होता. दर सेकंदाला सुमारे तीनशे गिगाबिट एवढा मारा, आणि त्यातलं दारूगोळ्याचं काम केलं निष्काळजीपणे उघड्या राहिलेल्या नेमसर्व्हरांनी. त्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता.

आता दुसरी जागा, जिथे माणूस वर्षानुवर्षं फसलेला असतो.

चौकटी दोन का असतात? १९८७ च्या मूळ नियमपुस्तिकेत प्रत्येक झोन निदान दोन सर्व्हरवर असला पाहिजे असं फर्मानच आहे. एक तात्या आजारी पडले तर दुसऱ्यांनी पत्ता सांगावा, एवढा साधा हेतू. आपण काय करतो? एकाच व्हीपीएसला दोन आयपी पत्ते घेतो, एकाला एनएस१ म्हणतो, दुसऱ्याला एनएस२. चौकटी भरतात, लाल ओळ येत नाही, सगळे खूश. काही जण तर दोन्ही नावांना एकच पत्ता देतात. म्हणजे तात्या एकच, टोपी मात्र दोन. यंत्र बंद पडलं की दोघंही एकदम गप्प.

हे फक्त छोट्यांचं होतं असं नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे चार नेमसर्व्हर होते, आणि चारही एकाच नेटवर्कच्या एकाच टोकाला. एका तंत्रज्ञानं तिथल्या राउटरच्या मांडणीत बदल केला, आणि चौघांकडे जाणारी वाट एकदम बंद झाली. मायक्रोसॉफ्टच्या साइट सुस्थितीत होत्या, यंत्रं चालू होती. फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. हे सुमारे बावीस तास चाललं. गंमत म्हणजे नेमसर्व्हर एकमेकांपासून दूर, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, असं सांगणारी मार्गदर्शिका त्याच्या चार वर्षं आधीच, १९९७ साली, प्रसिद्ध झालेली होती.

वीस वर्षांनी तोच प्रयोग मोठ्या रंगमंचावर झाला. ४ ऑक्टोबर २०२१, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही बसले. कितीतरी घरांत त्या रात्री फोन बंद करून पुन्हा चालू केले गेले, वायफायचा डबा उपटून परत खुपसला गेला. झालं होतं असं: देखभालीच्या एका आदेशामुळे फेसबुकची डेटा सेंटर जोडणारी त्यांची स्वतःची वाहिनी तुटली. फेसबुकचे नेमसर्व्हर जगभर पसरलेले होते, पण सगळे फेसबुकच्याच नेटवर्कमध्ये. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजून त्यांनी इंटरनेटवरून आपली वाट मागे घ्यायची, अशी त्यांना शिकवण होती. सगळ्यांनी एकदम मागे घेतली. जवळपास सहा तास पत्ता सांगणारं कुणीच नव्हतं. यंत्रं अनेक होती, शहरं अनेक होती, पण सगळ्यांची नाडी एकीकडेच होती.

तेव्हा एनएस२ खरोखर दुसरीकडे ठेवा. वेगळी कंपनी, वेगळं शहर, जमलं तर वेगळा देश. दुसऱ्या यंत्राला ताकद लागत नाही. बाजारातला सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त व्हीपीएसही हे काम झोपेत करतो. किंवा मधला मार्ग: एनएस२ हे नाव आपलं ठेवायचं, पण त्यामागे नेमसर्व्हर चालवून देणाऱ्या एखाद्या सेवेचं यंत्र लावायचं. अशा वेळी त्यांनी आपला पत्ता बदलला तर तुमचा ग्लू रेकॉर्ड तुम्हालाच बदलावा लागतो, हे तेवढं ध्यानात ठेवायचं. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर स्वतःच्या नेमसर्व्हरच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. होस्टिंग कंपनीची ती लांबलचक नावं मग बरी.

सगळं लिहून झालं की लगेच चौकटी बदलू नका. आधी ‘डिग’ ही आज्ञा वापरून दोन्ही नेमसर्व्हरना थेट, त्यांच्या आयपी पत्त्यावर प्रश्न विचारा. दोघांनी तेच उत्तर, त्याच अनुक्रमांकासह दिलं पाहिजे. मग ग्लू नोंदवा. मग चौकटी बदला. नंतर ‘डिग’लाच ‘ट्रेस’ जोडून चालवा, म्हणजे पानवाल्यापासून तात्यांपर्यंतचा प्रवास एकेक पायरीनं समोर दिसतो. ‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात’ असं जे सगळे सांगतात, त्यात पसरण्यासारखं काही नसतं. कुणी काही पसरवत नाही. आधी मिळालेलं उत्तर जगभरची यंत्रं ठरावीक वेळ लक्षात ठेवतात, आणि तो वेळ संपला की पुन्हा विचारतात. .कॉमची यंत्रणा तात्यांचं नाव सांगताना सोबत मुदत देते १,७२,८०० सेकंदांची. भागाकार करून पाहा, बरोबर दोन दिवस होतात.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी सर्व्हर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलवला. नव्या यंत्रावर झोन फाइल लिहिली, एनएस१चा नवा पत्ता घातला, टिंबं मोजली, अनुक्रमांक वाढवला. साइट उघडून पाहिली तर मस्त चालत होती. मी जुन्या यंत्राचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं, म्हणून ते तसंच चालू ठेवलं. महिना संपला आणि दुसऱ्या दिवशी देवगडहून फोन. मोसम ऐन भरात, हापूसची साइट माझ्याच सर्व्हरवर.

“दादा, साइट मेलीय का? सकाळपासून एक ऑर्डर नाही.”

मेली नव्हती. मी ग्लू रेकॉर्ड बदललाच नव्हता. वाडीतला माणूस महिनाभर पाहुण्यांना तात्यांच्या जुन्या घरी पाठवत होता, आणि जुन्या घरातले तात्या मुकाट्यानं जुनी उत्तरं देत होते. मी ‘मस्त चालतेय’ म्हणून जी साइट पाहिली होती, तीसुद्धा जुन्याच यंत्रावरची. नव्या यंत्राला महिनाभरात एकाही पाहुण्यानं काही विचारलं नव्हतं. ग्लू बदलायला पाच मिनिटं लागली. पुढे लोकांच्या यंत्रांना नवं उत्तर मिळेपर्यंतचा वेळ मात्र माझ्या हातात नव्हता, आणि आंबा थांबत नाही. त्या महिन्यात जुन्या साइटवर नोंदलेल्या ऑर्डरी जुन्या यंत्राबरोबरच गेल्या, हे नंतर कळलं. दोष ना रजिस्ट्रारचा होता, ना दोन्ही होस्टिंगवाल्यांचा.

एका अक्षरानं काय होतं, याचंही एक अलीकडचं उदाहरण आहे. मास्टरकार्डच्या एका उपडोमेनचे पाच नेमसर्व्हर नोंदलेले होते. सगळ्यांची नावं अकॅम.नेट या डोमेनखाली हवी होती. एकाचं चुकून अकॅम.एनई असं पडलं, शेवटचं ‘टी’ गळालं. .एनई हे नायजर देशाचं. जून २०२० ते जानेवारी २०२५ ही चूक तशीच राहिली. बाकीचे चार तात्या बरोबर पत्ता सांगत असल्यानं कुणाला काही जाणवलं नाही. शेवटी एका सुरक्षा संशोधकानं ते चुकीचं डोमेन स्वतःच विकत घेतलं, म्हणजे भलत्याच्या हाती पडायला नको, आणि मग ते सुधारलं गेलं.

आणि डोमेनची मुदत संपू देणं ही तर सगळ्यात महागडी चूक. तुमचे नेमसर्व्हर एक्झाम्पल.कॉममध्ये असतील आणि एक्झाम्पल.कॉमचं नूतनीकरण राहिलं, तर त्यावर विसंबलेली तिसांचीही डोमेनं एकदम आंधळी होतात; मग त्यांनी आपापले पैसे वेळेवर भरलेले असोत वा नसोत. त्याहून वाईट म्हणजे ते मोकळं झालेलं डोमेन दुसऱ्या कुणी घेतलं, तर तिसांचे पत्ते सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे जातो. जुलै २०१७ मध्ये मॅथ्यू ब्रायंट या संशोधकाच्या लक्षात आलं की .आयओ या अख्ख्या यादीच्या सात नेमसर्व्हरांपैकी चारांची नावं ज्या डोमेनमध्ये आहेत, ती डोमेनं कुणीही विकत घेऊ शकतं. त्यानं त्यातलं एक साध्या ग्राहकासारखं विकत घेऊन पाहिलं. मिळालं. .आयओच्या प्रश्नांचा ओघ त्याच्या यंत्राकडे सुरू झाला. त्यानं ते ताबडतोब संबंधितांना कळवलं.

ज्या डोमेनमध्ये तुमचे नेमसर्व्हर बसणार आहेत, त्याची मुदत एकदम पाच-सात वर्षांची भरा. आपोआप नूतनीकरण चालू करा. आणि रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर आजच बदला, कारण नेमसर्व्हर बंद पडले की मुदत संपल्याची सूचनाही त्याच ईमेलवर येणार असते.